आधी टायर, मग रिम: पोलो जीटीसारख्या चपळ गाडीला नवी चाके निवडताना

दुकानात रिम भिंतीवर टांगलेल्या असतात आणि टायर कोपऱ्यात एकावर एक रचलेले. त्यामुळे निवड साहजिकच रिमपासून सुरू होते: डिझाइन आवडते, मग त्यावर बसेल असा टायर शोधला जातो, आणि हव्या त्या मापात चांगला टायर मिळाला नाही की जो हाती येईल तो चढवला जातो. गाडी बिघडते ती इथे. रस्त्याला चिकटतो तो टायर. चारही टायर मिळून जमिनीला टेकतात ती जागा जेमतेम चार तळहातांएवढी. ब्रेक, वळण, पावसातली पकड, सगळे तेवढ्या रबरावर चालते. रिमचे काम त्या टायरला सरळ, गोल आणि शक्य तितके हलके धरून ठेवणे. म्हणून क्रम असा ठेवा: आपल्या गाडीला चालणारी मापे काढा, त्यांपैकी कोणत्या मापात चांगले टायर आज आणि दोन वर्षांनीही मिळतील ते बघा, टायर ठरवा आणि त्या टायरसाठी रिम घ्या.

उदाहरणाला फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घेऊ. चाकणला बनणारी ही गाडी २०२२ मध्ये बंद झाली, पण हौसेने चालवणाऱ्यांकडे ती अजून जपलेली आहे आणि रिम बदलण्याचे सगळे प्रश्न तिच्यात एकत्र भेटतात. स्विफ्ट, आय-२० एन लाइन, अबार्थ पुंटो किंवा ऑक्टाव्हिया आरएस असली तरी हिशेब हाच, आकडे तेवढे वेगळे.

मूळ माप आणि त्याच्या आसपासची मापे

सुरुवात ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणामागच्या स्टिकरपासून करा. गाडी सेकंडहँड असेल तर आता लागलेल्या टायरवर विश्वास ठेवू नका, आधीच्या मालकाने काय चढवले असेल सांगता येत नाही. जीटी टीएसआय सुरुवातीला १८५/६० आर१५ वर आली, नंतर १९५/५५ आर१६ वर. दोन्ही कंपनीचीच मापे, तरी बाहेरच्या व्यासात जवळजवळ १८ मिमीचा फरक आहे. त्यामुळे 'पोलोला हे माप चालते' या वाक्याला अर्थ नाही, तुमच्या पोलोला कोणते चालते ते बघायचे.

व्यास काढायला कॅल्क्युलेटर पुरतो. १८५/६० आर१५ मध्ये १८५ ही मिमीतली रुंदी, ६० हे प्रोफाइल (बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते) आणि १५ हे रिमचे इंच. रुंदीला प्रोफाइलच्या टक्क्याने गुणा, दुप्पट करा आणि त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवा. १८५/६० आर१५ चा व्यास ६०३ मिमी, १९५/५५ आर१६ चा ६२१. आता पर्याय बघा. २०५/५० आर१६ येतो ६११ मिमी, म्हणजे पंधरा इंची मूळ गाडीपेक्षा १.४ टक्के मोठा आणि सोळा इंचीपेक्षा १.५ टक्के लहान; दोघींनाही चालतो. २०५/४५ आर१७ येतो ६१६. २०५/५५ आर१६ येतो ६३२: सोळा इंची गाडीला १.८ टक्के मोठा, पण पंधरा इंची मूळ गाडीला जवळजवळ पाच टक्के मोठा, म्हणजे नको. १९५/६० आर१५ हा ६१५, रिम न बदलता थोडी जास्त रुंदी हवी असेल तर सोपा मार्ग.

फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवा, तीन ही शेवटची हद्द. टायर मोठा झाला की स्पीडोमीटर कमी दाखवतो, गिअर लांब होतात आणि टर्बोचा जोर सुटताना मिळणारा तो झटका मंदावतो. टायर फार लहान झाला तर पोटाखालची जागा घटते, आणि आपल्याकडच्या गतिरोधकांवर ती प्रत्येक मिलिमीटरने जाणवते.

यानंतर लोड इंडेक्स. मापाच्या शेवटी '८७ व्ही' असे जे लिहिलेले असते त्यातला आकडा वजनाचा, अक्षर वेगाचे. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, ८७ म्हणजे ५४५, ९१ म्हणजे ६१५. एच २१० किमी प्रतितास, व्ही २४०, डब्ल्यू २७०. नवा टायर या दोन्हींत मूळ टायरपेक्षा खाली जाता कामा नये. वेगाचे अक्षर आपल्या रस्त्यांवर बिनकामाचे आहे असे बरेच जण मानतात. वरच्या अक्षराचा टायर आतून जास्त घट्ट बांधलेला असतो आणि तापला तरी आकार धरून ठेवतो. मे महिन्यात समृद्धी महामार्गावर नागपूरकडे तासन्‌तास एकाच वेगाने जाताना हीच गोष्ट उपयोगी पडते.

सोळा की सतरा?

बाजूच्या भिंतीची उंची मोजली की निम्मा प्रश्न सुटतो. १९५/५५ ची भिंत १०७ मिमी, २०५/५० ची साधारण १०३, २०५/४५ ची ९२. सोळावरून सतरावर गेलात की खड्डा गिळायला रबर दहा-पंधरा मिमीने कमी उरते. काँक्रीट आणि डांबर यांच्या सांध्यावरची धारदार कड, पावसाच्या पाण्याने भरलेला खड्डा, पुलावरचा उखडलेला जॉइंट, अशा ठिकाणी टायर रिमपर्यंत चेपतो. मग भिंतीला फुगवटा येतो किंवा रिमची आतली कड वाकते. फुगवटा आला म्हणजे आतले धागे तुटले. तो टायर दुरुस्त होत नाही, हवा कमी करून चालवायचाही नाही.

सतरा इंची चाक दिसते छान यात वाद नाही, आणि स्टेअरिंगचा पहिला प्रतिसादही थोडा चपळ होतो. पण रोज रस्त्यावर चालणाऱ्या पोलोला सोळा हेच योग्य माप, हे आमचे ठाम मत. नियम साधा आहे: ब्रेकचे कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारे भाग) सुखाने मावतील एवढी लहान रिम आणि तिच्यावर चांगल्यातला चांगला टायर. सतरावर जाऊन उरलेल्या पैशांत मध्यम टायर घेण्यापेक्षा सोळावर राहून सगळा पैसा रबरात घातला, तर ताम्हिणीच्या ओल्या वळणावर गाडी अधिक विश्वासाने वळते.

उपलब्धतेचाही विचार करा. जून २०२० पासून टायरची आयात परवान्याखाली गेली आणि आडमापांचे परदेशी टायर मिळणे कठीण झाले. १९५/५५ आर१६ आणि २०५/५५ आर१६ ही मापे आपल्याकडच्या अनेक गाड्यांना मुळातच लागतात, त्यामुळे सगळ्या कंपन्या ती ठेवतात. २०५/५० आर१६ कागदावर सुरेख बसतो, पण दुकानात फोन करून किती कंपन्यांचा मिळतो ते विचारल्याशिवाय त्यावर योजना आखू नका. एक टायर कापला गेला आणि जोडीदार मिळाला नाही तर चारही बदलावे लागतात.

टायर निवडताना

एकाच मापात दोन वेगळ्या जातीचे टायर असतात. आरामाचे टायर शांत, टिकाऊ, खड्ड्यांवर मऊ; परफॉर्मन्स टायरचे रबर जास्त चिकट, भिंत कडक, आयुष्य कमी. साइडवॉलवरचा ट्रेडवेअर (झिजण्याचा) आकडा ढोबळ दिशा देतो: तीनशेच्या आसपास असेल तर पकडीकडे झुकलेला, पाचशेच्या पुढे असेल तर टिकण्याकडे. मात्र हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका.

महाराष्ट्रात वर्षाचे चार महिने पाऊस असतो, तेव्हा ओल्या रस्त्यावरची पकड हा पहिला निकष धरा. टायरभर गोल फिरणाऱ्या रुंद, खोल खाचा पाणी बाहेर फेकतात. टायर जितका रुंद तितका तो पाण्यावर लवकर तरंगतो, कारण तेवढेच वजन जास्त रुंदीवर पसरते आणि टायरला पाणी कापता येत नाही. १९५ वरून २०५ वर गेलात तर फार बिघडत नाही. या वजनाच्या गाडीला २२५ चढवले तर पावसाळ्यात स्टेअरिंग हलके पडल्याचे स्वतःच जाणवेल. कायद्याने खाचांची खोली किमान १.६ मिमी हवी, पण पावसाळ्याच्या तोंडावर ती ३ मिमीपर्यंत आली असेल तर टायर बदलाच.

बनल्याची तारीख बघूनच टायर घ्या. 'डीओटी'च्या ओळीतले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. ही तारीख टायरच्या एकाच बाजूला असते. रिमवर बसल्यावर ती आत गेली तर दिसत नाही, म्हणून चढवण्याआधी चारही टायर आडवे ठेवून स्वतः वाचा. सहा महिन्यांच्या आतले आणि चारही एकाच सुमाराचे मागा. 'स्टॉक तोच आहे' हे उत्तर आले तर दुसरे दुकान गाठा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. आपले परफॉर्मन्स टायर उन्हाळी रबराचे असतात, साधारण ७ अंशांच्या खाली ते कडक पडतात. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह असलेलेच टायर लागतात आणि बाहेरून घेतलेल्या रिमसोबत मान्यतेचा कागदही लागतो. तिथे रिम घेताना कागद आधी मागा, डिझाइन नंतर बघा.

रिमची पाच मापे

पहिले पीसीडी, म्हणजे बोल्टची भोके ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. पोलोचे ५×१०० (पाच भोके, १०० मिमीचे वर्तुळ), ऑक्टाव्हियाचे ५×११२, स्विफ्टचे आणि आय-२०चे ४×१००. इथे जवळपास चालत नाही. सगळ्यात घातक सापळा फियाटचा: पुंटो, लिनिया आणि रांजणगावला बनलेल्या अबार्थ पुंटोचे पीसीडी ४×९८ आहे. ४×१०० ची रिम तिच्यावर चढते, बोल्टही लागतात, आणि 'दोन मिलिमीटरने काय होते' असे सांगून ती गळ्यात मारली जाते. होते असे, की एक बोल्ट सरळ बसतो आणि बाकीचे तिरके ओढले जातात. पान्यावर टॉर्क, म्हणजे घट्ट करण्याचा जोर, पूर्ण दिसतो, पण बोल्टचे डोके बैठकीला एकाच कडेने टेकलेले असते. तो बोल्ट हळूहळू सैल होतो किंवा मानेपाशी तुटतो. अशा गाडीला तिच्या पीसीडीचीच रिम घ्यावी.

दुसरे, मधल्या भोकाचे माप. गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसते तो हब; पोलोच्या हबचा व्यास ५७.१ मिमी. बाजारातल्या रिमचे भोक अनेक गाड्यांना चालावे म्हणून मोठे ठेवतात, बहुधा ७३.१. मधली फट भरायला हब रिंग लागते: बाहेरून ७३.१, आतून ५७.१, चार नग. ती नसली की चाक नुसत्या बोल्टवर मध्य शोधते, केसभर बाजूला बसते आणि ९० ते ११० च्या वेगात स्टेअरिंग थरथरते. मग माणूस तीनदा बॅलन्सिंग करून घेतो आणि फरक पडत नाही, कारण मशीनवर चाक सरळच असते. रिंग हाताने दाबून बसावी, खुळखुळू नये. साध्या वापराला प्लास्टिकची रिंग पुरते. घाट उतरताना ब्रेक सतत तापत असतील तर ॲल्युमिनियमची घ्या आणि तिच्यावर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, नाहीतर कोकणच्या दमट हवेत ती हबला चिकटून बसते.

तिसरे रिमची रुंदी. १९५/५५ आर१६ ला ५.५ ते ७ इंच, २०५/५० आर१६ ला ५.५ ते ७.५, २०५/४५ आर१७ ला ६.५ ते ७.५. या पट्ट्याच्या मध्यावर किंवा किंचित वर राहा. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवायची फॅशन आहे. त्यात टायरची भिंत रिमच्या आत जाते आणि पहिल्या खड्ड्याला मार थेट धातूवर बसतो.

चौथे ऑफसेट, आणि इथे जरा थांबायला हवे. रिमच्या मागच्या बाजूला 'ईटी' आणि आकडा कोरलेला असतो: रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा चेहरा किती मिलिमीटर बाहेर आहे ते. ईटी मोठा म्हणजे चाक आत, लहान म्हणजे बाहेर. हिशेब असा: टायरच्या रुंदीचा निम्मा अधिक ईटी म्हणजे हबच्या चेहऱ्यापासून चाक किती आत जाते, निम्मा वजा ईटी म्हणजे किती बाहेर येते.

समजा मूळ टायर १८५ आणि ईटी ४०. आत ९२.५ अधिक ४० म्हणजे १३२.५, बाहेर ५२.५. नवा टायर २०५, रिम ईटी ४५. आत १०२.५ अधिक ४५ म्हणजे १४७.५, बाहेर ५७.५. म्हणजे चाक आत १५ मिमी सरकले, बाहेर ५. तोच टायर ईटी ३८ वर: आत ८ मिमी जास्त, बाहेर १२ मिमी जास्त. आता गाडी जॅकवर घ्या, टेकूवर पक्की उभी करा आणि टायर व पुढचा शॉक ॲब्सॉर्बर यांच्यातली फट मोजा. जुनी एटीएम कार्डे एकावर एक सरकवून फट भरा आणि गठ्ठ्याची जाडी मोजपट्टीवर बघा. १८ मिमी भरली तर ईटी ४५ चा पर्याय ३ मिमी ठेवतो, जो अपुरा आहे. किमान ५ हवेत. टायरची खरी रुंदी रिमच्या रुंदीबरोबर बदलते, अर्ध्या इंचाला साधारण ५ मिमी, म्हणून काठावरच्या हिशेबावर भरवसा ठेवू नका.

चाक बाहेर काढून गाडीला पसरट रूप देण्याचा मोह अनेकांना होतो. मूळ ऑफसेटपासून पाच-सात मिमीपलीकडे गेलात की पुढच्या चाकावर चालणारी टर्बो गाडी जोरात ॲक्सिलरेटर दिला की स्टेअरिंग हातातून ओढू लागते, रस्त्यावरची प्रत्येक खाच हाताला कळते आणि बेअरिंगवरचा भार वाढतो. शिवाय चाक मडगार्डच्या बाहेर आले की चिखल आणि खडी दारांवर उडते, आणि आरटीओच्या नजरेतही ते पहिले भरते.

पाचवे बोल्टची बैठक, जी दुकानात जवळजवळ कोणी विचारत नाही. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या मूळ बोल्टचे डोके खालून गोलाकार असते, चेंडूसारखे. बाहेरच्या बहुतेक रिमची बैठक ६० अंशांच्या शंकूची असते. गोल बोल्ट शंकूत घातला की तो एका बारीक कड्यावर टेकतो. घट्ट वाटतो, दोन-चारशे किलोमीटरमध्ये ढिला होतो. म्हणून रिमसोबत शंकूचे वीस बोल्ट नवे घ्या, एम१४×१.५ आट्यांचे. लांबी अशी हवी की बोल्ट हबमध्ये त्याच्या जाडीइतका तरी शिरेल, म्हणजे १४ मिमी, साधारण नऊ फेरे. हाताने फिरवत मोजा. फार लांब बोल्टही नको, मागे काही घासता कामा नये. नट वापरणाऱ्या गाड्यांत आट्यांची चूक होते: स्विफ्टचे नट एम१२×१.२५, आय-२०चे एम१२×१.५. चुकीचा नट दोन फेरे हाताने जातो आणि मग मशीनने मारला की स्टडचे (नट बसतो त्या दांड्याचे) आटे कायमचे जातात.

रिमची प्रत आणि वजन

साच्यात ओतलेली रिम स्वस्त असते आणि नीट बनवली असेल तर रस्त्यासाठी पुरेशी. फ्लो-फॉर्म्ड रिममध्ये ओतल्यानंतर कडेचा भाग रोलरने ताणून दाबतात. धातू दाट होतो, म्हणून भिंत पातळ आणि हलकी ठेवता येते. ठोकून घडवलेली फोर्ज्ड रिम सर्वांत हलकी, सर्वांत महाग. रेज कंपनीची टीई३७ हे त्यातले सगळ्यात ओळखीचे डिझाइन, १९९६ चे. त्यातला ३७ हा आकडा १५ इंची रिमच्या ३.७ किलो वजनावरून आला. आज त्या सहा काड्यांच्या डिझाइनच्या नकला गल्लोगल्ली मिळतात, वजनाने दुप्पट आणि चाचणीचा ठसा नसलेल्या.

हे ठसे शोधायला रिम उलटी करा. भारतात विकल्या जाणाऱ्या रिमवर आयएसआय चिन्ह असते. जपानी चाचणीच्या रिमवर 'जेडब्ल्यूएल' आणि 'व्हीआयए' कोरलेले असते. त्याच बाजूला माप, ईटी आणि बहुधा एका रिमचा कमाल भार किलोत असतो. पोलोला टायरचा लोड इंडेक्स ८७ असेल तर रिमही ५४५ किलोच्या आसपास किंवा वर हवी. यातले काहीच कोरलेले नसेल, नुसता स्टिकर असेल, तर ती रिम परत भिंतीवर जाऊ द्या.

वजन स्वतः करा. विमानप्रवासाला बॅगा तोलायचा हातातला काटा खिशात घेऊन जा आणि रिम त्याला टांगा. आपले मूळ चाक टायरसकट आधीच घरी तोलून ठेवा. नवे चाक टायरसकट त्यापेक्षा जड भरत असेल तर तुम्ही पैसे देऊन गाडी मंद करत आहात: हे वजन स्प्रिंगच्या खालचे आहे, ते फिरवायला इंजिन लागते, थांबवायला ब्रेक आणि खड्ड्यातून सावरायला शॉक ॲब्सॉर्बर.

जुन्या रिम घ्यायच्या असतील, कुर्ल्याच्या बाजारातून किंवा कोणाच्या घरून, तर टायर उतरवूनच बघा. दर्शनी बाजू रंगवलेली असते, खरी गोष्ट आतल्या कडेला कळते. बॅलन्सिंग मशीनवर रिकामी फिरवा आणि कडेजवळ पेन्सिल धरा. टोक आणि कड यांच्यातली फट एक मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर ती वाकलेली आहे. किंचित वाक सरळ होतो. चीर, विशेषतः काडीच्या मागे आतल्या कडेला केसासारखी दिसणारी, वेल्डिंग करून वापरू नये. नव्या जाड रंगाखाली चीर लपते, म्हणून ताज्या रंगवलेल्या जुन्या रिमपासून लांब राहा.

बसवताना

पैसे देण्याआधी एक रिम टायरशिवाय पुढच्या हबवर चढवून बघायची अट घाला. रिंग घाला, दोन बोल्ट हाताने लावा आणि रिम पूर्ण फिरवा. कॅलिपर आणि काड्या यांच्यात, तसेच कॅलिपर आणि रिमच्या आतल्या भिंतीत किमान ३ मिमी फट हवी. एकदा टायर चढला की दुकानदार रिम परत घेणार नाही.

टायर चढवताना मशीनला टायर दाबून धरणारा मदतीचा दांडा आणि प्लास्टिकची टोपी असेल असे दुकान निवडा. नुसत्या लोखंडी पहारीने नवी कड ओरखडते. 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर, बाण असेल तर पुढच्या फिरण्याच्या दिशेने. टायरवरचा पिवळा ठिपका ही त्याची हलकी जागा, तो व्हॉल्व्हपाशी ठेवला की वजने कमी लागतात. व्हॉल्व्ह चारही नवे. वजने चिकटवायची, तीही आतून. एका चाकाला पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त मागत असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघायला सांगा.

चढवण्याआधी हबचा चेहरा तारेच्या ब्रशने स्वच्छ करा. गंजाचा एक पापुद्रा चाक तिरके बसवायला पुरतो. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावू नका. कंपनीचा टॉर्क कोरड्या आट्यांसाठी आहे, ग्रीस लावले की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. पाचही बोल्ट हाताने लावा, एकाआड एक ताऱ्याच्या क्रमाने घट्ट करा, गाडी खाली घ्या आणि टॉर्क पान्याने १२० न्यूटन मीटर. हवेची गन फक्त काढताना. ५० ते १०० किमी चालवल्यावर, चाके गार असताना, पुन्हा टॉर्क बघा. नव्या रिमची बैठक दबते आणि एखादा बोल्ट थोडा फिरतोच.

अलाइनमेंट त्याच दिवशी, आणि आधीचे-नंतरचे आकडे छापून घ्या. पोलोचा मागचा ॲक्सल एकसंध आहे, तिथे फिरवायला काही नाही. मागचे आकडे मर्यादेबाहेर असतील तर काहीतरी वाकलेले आहे.

आता घासते का ते बघायचे. टायरच्या दोन्ही खांद्यांना फळ्यावरचा खडू गोल फासा. मागे तिघांना बसवा, डिकीत सामान टाका, स्टेअरिंग पूर्ण वळवून एका मोठ्या गतिरोधकावरून तिरके, सावकाश जा. मग उलट दिशेने. जिथे खडू पुसला गेला तिथे घासते. आतल्या प्लास्टिकला हलका स्पर्श असेल तर त्याची चिमटी सरकवून निभते. मडगार्डच्या पत्र्याची कड लागत असेल तर निवड चुकली. पत्रा ठोकून मागे वळवण्याचा सल्ला मानू नका, रंगाखालून गंज सुरू होतो.

हवा सकाळी गाडी हलण्याआधी भरा, स्टिकरवरच्या आकड्याइतकी. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की साधारण एक पीएसआय वाढतो, त्यामुळे दुपारी तापलेल्या टायरची हवा 'जास्त झाली' म्हणून सोडू नका. 'एक्सएल' (जास्त भारासाठी बांधलेल्या) टायरला तेवढाच भार उचलायला दोन-चार पीएसआय जास्त लागते. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवा. नव्या रबरावर साच्यातला गुळगुळीत थर असतो आणि ओल्या रस्त्यावर तो घसरतो.

विमा कंपनीला रिमचे बिल द्या आणि पॉलिसीत त्या वेगळ्या ॲक्सेसरी म्हणून लिहून घ्या, नाहीतर अपघातात मूळ रिमचीच किंमत मिळेल. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदलाला आडकाठी करते, म्हणून कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला दिलेल्या मापाजवळ राहणे सगळ्यात निर्धोक.

शेवटची गोष्ट डिकीतली. स्टेपनी अजून जुनी, पत्र्याची आहे आणि तिची बैठक गोल आहे. अलॉयचे शंकूचे बोल्ट तिला चालत नाहीत. मूळ बोल्टांपैकी पाच कापडी पिशवीत बांधून स्टेपनीच्या खळग्यात ठेवा, सोबत लॉक बोल्टची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या बोल्टची) चावी. स्टेपनीचा व्यास नव्या टायरपेक्षा वेगळा असेल तर पंक्चर पुढचे असले तरी ती मागे लावा आणि मागचे चांगले चाक पुढे आणा, म्हणजे डिफरन्शियल (पुढच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) वेगवेगळ्या मापांच्या चाकांमध्ये सारखा फिरत राहणार नाही.